वळलेल्या पावलाचा सर्जन: एका कसबाची पार्श्वभूमी

"चालताना चप्पल पायातून निसटते आणि कळतही नाही." नसांच्या आजाराची सुरुवात आमच्या सोलापूर भागातली माणसं बहुधा याच शब्दांत सांगतात. माझ्या आत्तेभावानेही तसंच सांगितलं होतं. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. पुढे पावलाची कमान उंच होत गेली, टाच आत वळली, बोटं आखडली, तळव्याच्या बाहेरच्या कडेला घट्टा पडला. कुणी नस दबल्याचं सांगितलं, कुणी कमरेचा एमआरआय काढायला लावला. एनसीव्ही, म्हणजे नसांतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी तपासणी, होऊन शार्को-मारी-टूथ या नसांच्या आनुवंशिक आजाराचं नाव हाती यायला नऊ वर्षं गेली. त्यानंतर खरा प्रश्न सुरू झाला: हे पाऊल सरळ करणारा सर्जन शोधायचा कुठे?

सोलापुरात हाडांचे डॉक्टर कमी नाहीत. 1963 पासून इथे वैद्यकीय महाविद्यालय आहे, सिव्हिल आहे, खासगी रुग्णालयं आहेत. मोडलेलं हाड बसवणारे, गुडघा बदलणारे उत्तम हात या शहरात आहेत. पण नसांमुळे वाकड्या झालेल्या पावलाची शस्त्रक्रिया हे वेगळं कसब आहे. ते आज विरळ का झालं, हे त्याचा इतिहास पाहिल्याशिवाय कळत नाही.

आधी नावाचा घोळ. 1886 साली पॅरिसमध्ये जाँ-मार्टिन शार्को आणि पिएर मारी यांनी, आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये हॉवर्ड टूथ यांनी या आजाराचं वर्णन केलं. दोष मज्जारज्जूत नसून हातापायांच्या नसांत आहे, हे टूथ यांनी बरोबर ओळखलं होतं. साधारण 2,500 माणसांत एकाला तो असतो असं मानतात. 1991 मध्ये त्याच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराचं मूळ सतराव्या गुणसूत्रावर सापडलं. बहुतेक प्रकारांत आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आलेला दोष पुरेसा असतो. काही प्रकारांत तो दोघांकडून यावा लागतो, आणि नात्यातल्या लग्नांमुळे त्या प्रकारांची शक्यता वाढते. मामाची मुलगी करण्याची, कुठे सख्ख्या मामालाच मुलगी देण्याची रीत असलेल्या आपल्या जिल्ह्याने हे मनावर घ्यायला हवं. पण त्याच शार्कोंच्या नावाचा दुसरा एक आजार आहे, 'शार्को फूट'. त्यात संवेदना गेलेल्या पावलाची हाडं आतल्या आत ढासळतात. शार्कोंनी तो 1868 मध्ये सिफिलिसच्या रुग्णांत वर्णिला, मधुमेहाशी त्याचा संबंध 1936 मध्ये दाखवला गेला. आज तो मुख्यतः शुगरच्या पेशंटमध्ये दिसतो. त्याचा पहिला उपाय म्हणजे पाय महिनोन्महिने प्लास्टरमध्ये ठेवून त्यावरचा भार काढणं. दोन्ही नावांत शार्को असल्याने लोक एकाचा सल्ला दुसऱ्याला देतात. आमच्याही घरी असा चुकीचा सल्ला आला होता.

शार्को-मारी-टूथमध्ये पाऊल का वळतं? सगळे स्नायू सारखे दुबळे होत नाहीत. पाऊल वर उचलणारे आणि बाहेर वळवणारे स्नायू आधी जातात. पाऊल आत ओढणारा आणि अंगठ्यामागचं हाड खाली दाबणारा, असे दोन स्नायू बराच काळ ताकद राखून असतात. ही ओढाताण वर्षानुवर्षं चालते आणि हाडं त्या ओढीप्रमाणे वळतात. म्हणून नुसतं हाड कापून सरळ केलं आणि ओढ तशीच ठेवली, तर पाऊल पुन्हा वळतं. इथे स्नायूंचा तोल सांभाळावा लागतो.

आणि हा तोल सांभाळण्याची विद्या भारतात कुष्ठरोगाच्या वॉर्डांत वाढली. ब्रिटिश सर्जन डॉ. पॉल ब्रँड 1946 मध्ये तमिळनाडूतल्या वेल्लोरला आले. कुष्ठरोग्यांची बोटं 'झडतात' हा समज त्यांनी खोडून काढला. मांस सडतं म्हणून जखमा होत नाहीत, वेदना कळत नाही म्हणून होतात, हे त्यांनी दाखवलं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाला वळसा घालून जाणारी नस कुष्ठरोगात निकामी झाली की पाऊल लोंबतं. अशा वेळी घोट्याच्या आतल्या बाजूने तळव्याकडे उतरणाऱ्या शाबूत स्नायूची कंडरा, म्हणजे टेंडन, सोडवायची, पायाच्या पुढच्या बाजूला आणून बसवायची, आणि आत ओढणाऱ्या स्नायूला वर उचलायला शिकवायचं. ही पद्धत वेल्लोर आणि त्याच्याजवळच्या करिगिरीत हजारो पायांवर घासूनपुसून पक्की झाली. शिकवायचं हा शब्द मी मुद्दाम वापरतो. फिजिओथेरपिस्ट आठवड्यांमागून आठवडे रुग्णासोबत बसतो तेव्हा मेंदू त्या स्नायूला नवं काम देतो. मऊ रबराची एमसीआर चप्पलही त्याच कामातून आली. महाराष्ट्रात मुंबईच्या डॉ. नोशिर अंटिया यांनी पुण्याजवळच्या कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात अशा शस्त्रक्रियांचा पाया घातला.

दुसरी शाळा पोलिओची. त्यात संवेदना शाबूत राहते, स्नायू जातात. कॅलिपर लावून चालणारी मुलं एके काळी प्रत्येक पेठेत असायची. त्यांच्यासाठी शिबिरं भरत. कंडरा हलवणं, टाचेचं हाड कापून बाजूला सरकवणं, तळव्याची ताठर पट्टी सैल करणं, हे त्या काळच्या ऑर्थोपेडिक सर्जनच्या रोजच्या कामात होतं. आपल्या जिल्ह्यातली माणसं मोठ्या ऑपरेशनसाठी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलला जात. 1927 मध्ये बार्शी लाइट रेल्वे पंढरपूरकडून मिरजेपर्यंत पोचली, त्यानंतर तो प्रवास सोपा झाला. जुन्या माणसांच्या तोंडी 'मिरजेला नेलं' याचा अर्थ अजूनही 'मोठं दुखणं' असाच आहे.

मग हे दोन्ही आजार मागे हटले, आणि ते व्हायलाच हवं होतं. 2005 अखेर देशातलं कुष्ठरोगाचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं. पोलिओचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 चा, आणि 27 मार्च 2014 ला भारत पोलिओमुक्त ठरला. पण रुग्ण कमी झाले तसा नव्या सर्जनांचा सरावही सुटला. वॉर्ड अपघातांनी आणि सांधेबदलाने भरले. ज्या कामासाठी आमच्यासारखे रुग्ण दारोदार फिरतात, ते करताना पाहिलेली पिढी निवृत्त होत आहे. मला या सगळ्या कहाणीत हेच सर्वांत जास्त लागतं.

सराव नसला की सोपा मार्ग निवडला जातो, तो म्हणजे सांधे जखडणं. टाच आणि मधल्या पावलाचे तीन सांधे एकत्र जोडण्याची शस्त्रक्रिया 1920 च्या दशकापासून आहे. पाऊल ताठ, सरळ होतं आणि एक्स-रे छान दिसतो. पण अशा रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा केल्यावर दिसलं की शेजारचे सांधे झिजतात आणि स्नायूंची ओढ कायम असेल तर विकृती परत येते. 2020 मध्ये प्रामुख्याने अमेरिकेतल्या अनुभवी सर्जनांनी मिळून एक सहमती मांडली. तिचा रोख असा की पाऊल लवचीक आहे तोवर, लवकर, कंडरा हलवून आणि हाडाची दिशा सुधारून काम करावं. सांधे जखडणं शेवटी ठेवावं. आत्तेभावाला एका मोठ्या रुग्णालयात पहिल्याच भेटीत, स्नायूंची ताकद न मोजता, तीनही सांधे जखडायला सांगितलं होतं. आत्या तारीख घेऊनच घरी आली होती.

आम्ही ती तारीख सोडली. त्यानंतर प्रत्येक ठिकाणी आम्ही तेच विचारायचो. नसांच्या आजारातली अशी पावलं तुम्ही वर्षाला किती करता? कुठली कंडरा कुठे नेणार? स्नायूची ताकद शून्य ते पाच अशा श्रेणींत मोजतात आणि हलवलेला स्नायू साधारण एक श्रेणी गमावतो, मग याचा स्नायू तेवढा सक्षम आहे का? सहा आठवड्यांच्या प्लास्टरनंतर व्यायाम कोण घेईल? पाच वर्षांपूर्वी केलेला एखादा पेशंट भेटेल का? दोघांनी चिडून उत्तर दिलं. एका वयस्क डॉक्टरांनी मात्र हे आपलं काम नाही असं सरळ सांगून पुण्याच्या एका सर्जनचं नाव लिहून दिलं. त्यांचे उपकार आम्ही विसरलेलो नाही.

पुण्याच्या त्या सर्जनने फाइल बाजूला ठेवली आणि एक इंचभर जाडीचा लाकडी ठोकळा काढला. टाच आणि पावलाची बाहेरची कड ठोकळ्यावर, अंगठ्याकडची बाजू खाली मोकळी, असं भावाला उभं केलं आणि स्वतः मागे जमिनीवर बसून टाच पाहिली. 1977 मध्ये सर्जन कोलमन यांनी मांडलेली ही चाचणी आहे. टाच सरळ झाली, तर दोष पावलाच्या पुढच्या भागातून आलेला असतो आणि टाचेचा सांधा अजून लवचीक असतो. भावाची टाच सरळ झाली. आत्या दाराशी उभी होती, तिलाही ते दिसलं.