पान कोणी तोडलं?

'थंडी पडली की पानं वाळतात आणि वाऱ्याने गळून पडतात.' पाच-सहा वर्षांच्या मुलांना एका चित्रपुस्तकातलं हे वाक्य मी वाचून दाखवत होते. पुढे बसलेल्या एका मुलीने माझ्या हातातलं पिवळं पान काढून घेतलं, बोटाभोवती गुंडाळून पाहिलं आणि म्हणाली, "हे कुठे वाळलंय? मऊ आहे अजून. मग हे कोणी तोडलं?"

तिचं बरोबर होतं, पुस्तकाचं चूक. छोट्याशा वाक्यात थंडी, वाळणं आणि वारा असे तीन आरोपी उभे केले होते, आणि खरा 'गुन्हेगार' म्हणजे खुद्द झाड, त्याचं नावही नव्हतं.

आधी थंडीचं बघू. थंडीने पानगळीचा वेग बदलतो, पण थंड प्रदेशातली पुष्कळशी झाडं तयारीला लागतात ती रात्र लांबू लागली म्हणून. हवेचा भरवसा नसतो; एखादा आठवडा अवेळी गारठतो, एखादा अवेळी तापतो. रात्रीची लांबी मात्र दरवर्षी त्याच तारखेला तितकीच असते. उत्तर गोलार्धात 22-23 सप्टेंबरनंतर रात्र दिवसापेक्षा मोठी होते. 50 अंश अक्षांशावर जूनमधला सुमारे 16 तासांचा दिवस डिसेंबरात 8 तासांवर येतो. रात्र मोजायला पानांत फायटोक्रोम नावाचं प्रथिन असतं. 660 नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश पडला की ते एक रूप घेतं, 730 च्या आसपासच्या गडद लाल प्रकाशात दुसरं. आणि अंधारात पहिल्या प्रकाशाने आलेलं रूप हळूहळू ओसरत जातं. या बदलाला पेशींतल्या रोजच्या घड्याळाची जोड मिळते, आणि रात्र किती लांबली याचा अंदाज झाडाला येतो. रस्त्यावरच्या दिव्याला खेटून असलेल्या फांदीवर पानं जास्त दिवस टिकलेली दिसतात ती यामुळेच. तिथे रात्र पुरती होतच नाही.

दिवस लहान का होतो, याचं उत्तर पृथ्वीच्या साडेतेवीस अंशांच्या कलात आहे. पण पाच वर्षांच्या मुलापुढे पृथ्वीचा गोल फिरवण्यात अर्थ नाही, असं माझं मत. दर आठवड्याला एकाच ठिकाणी काठी उभी करावी, भर दुपारच्या सावलीचं टोक खडूने आखून ठेवावं. महिन्याभरात मूलच सांगतं की सावली वाढली. गोलाची गडबड मोठ्यांनाच जास्त होते. पृथ्वी सूर्यापासून 'लांब' जाणार, म्हणून यंदा कडाका पडणार आणि अंग दुखणार, असा निरोप दरवर्षी फोनवर फिरतो. त्यात हे अंतर 66 टक्क्यांनी वाढतं असंही ठोकून दिलेलं असतं. तसं झालं तर सूर्याची ऊब जवळपास एक तृतीयांशावर येईल आणि निरोप पुढे पाठवायला कोणी उरणार नाही. प्रत्यक्षात अंतर सुमारे 14.7 कोटी किलोमीटर ते 15.2 कोटी किलोमीटर एवढंच बदलतं. शिवाय आपण सूर्याच्या सगळ्यात जवळ असतो ते जानेवारीच्या सुरुवातीला, उत्तरेत ऐन हिवाळा असताना.

आता देठाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

देठ फांदीला जिथे चिकटतो तिथे लहान पेशींचा एक पातळ पट्टा आधीपासूनच असतो. धडधाकट पान ऑक्सिन नावाचं संप्रेरक देठातून सतत खाली पाठवतं. 'मी कामावर आहे' ही त्याची रोजची हजेरीच. हजेरी लागते आहे तोवर त्या पट्ट्यातल्या पेशी शांत राहतात. पान थकलं की ऑक्सिन आटतं, आणि मग पेशींना इथिलीनची चाहूल लागते. इथिलीन हा साधा वायू, झाड स्वतःच तो तयार करतं. तो पोचला की पेशी फुगतात आणि दोन विकरं (एन्झाइम) सोडतात, सेल्युलेज आणि पॉलिगॅलॅक्ट्युरोनेज. पहिलं पेशीभित्तिकेतलं सेल्युलोज तोडतं. दुसरं विरघळवतं पेक्टिन, म्हणजे दोन पेशींना एकमेकींशी जोडणारा, विटांमधल्या चुन्यासारखा थर. चुना गेला की भिंत आपसूक सुटी होते. फांदीच्या बाजूने बुचासारखा थर चढतो आणि जखम बंद होते. शेवटी पान लटकलेलं असतं ते पाणी वाहणाऱ्या चार-दोन मेलेल्या नळ्यांवर. वाऱ्याचं काम एवढंच, त्या नळ्या मोडायचं.

इथिलीनचा छडा लागला तो मात्र भलत्याच वाटेने. एकोणिसाव्या शतकात रस्त्यांवर गॅसचे दिवे होते, आणि गळक्या नळांजवळची झाडं अवेळी पानं टाकत. 1901 साली रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ द्मित्री नेल्युबोव यांनी वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून दाखवलं की त्या गॅसमधला रोपांवर परिणाम करणारा घटक इथिलीन आहे.

मुलांना यातलं एकही नाव सांगायची गरज नाही. उन्हाळ्यात वादळाने मोडून झाडालाच लोंबकळत राहिलेली एखादी फांदी शोधून दाखवावी. बाकी झाड पार उघडं पडलेलं असतं आणि त्या मेलेल्या फांदीवर तपकिरी, कुरकुरीत पानं हिवाळाभर घट्ट असतात. ओढली तर देठ तुटतो, सांधा सुटत नाही. कारण सांधा सोडवायला जिवंत पेशी लागतात, आणि त्या फांदी मोडली तेव्हाच गेल्या. (ओक आणि बीच ही झाडं जिवंत फांद्यांवरही वाळकी पानं धरून ठेवतात, तेव्हा उदाहरण निवडताना जपून.)

रंगांबद्दल थोडक्यात. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरव्याखाली झाकलेला. लाल बहुधा नव्याने बनतो. हिरवा जातो, कारण पान टाकण्याआधी झाड त्यातली प्रथिनं मोडून नायट्रोजन परत घेतं, साधारण निम्मा तरी. हरितद्रव्यातला नायट्रोजन मात्र बहुतेक पानातच राहतो. ते मोडावं लागतं कारण मोकळं सुटलेलं हरितद्रव्य उन्हात पेशींनाच पोळतं.

तर त्या मुलीला मी एवढंच म्हटलं, "झाडानेच तोडलं." तिचा विश्वास बसला नाही. मग आम्ही सगळे ते पान जिथून पडलं त्या हॉर्स चेस्टनटच्या झाडापाशी गेलो. एका खालच्या डहाळीवर घोड्याच्या नालासारखी खूण होती, नालात खिळे असावेत तसे तिच्यात ठिपके. पाणी आणि साखर वाहणाऱ्या नळ्यांची ती टोकं. तिने मोजले, सात. मग तिचं बोट खुणेच्या जरा वर गेलं, तपकिरी, चिकट डोळ्यावर, म्हणजे पुढच्या कोंबावर.

"हा आत्ता आला?"

"नाही. पान हिरवं होतं तेव्हापासून आहे."

एक डोळा खुडून आम्ही उभा चिरला. आत पांढऱ्या लवेत गुंडाळलेली, घड्या घातलेली इवलीशी पानं होती.