पूर्वाश्रमीचे सरकारी वकील, आजचे न्यायाधीश आणि मुलाच्या ताब्याची सुनावणी

बेवारस किंवा उपेक्षित मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीने मूल संस्थेत ठेवण्याचा आदेश दिला आणि आईवडिलांना तो मान्य नसला, तर अपील बाल न्यायालयात जातं. हे न्यायालय सत्र न्यायाधीशांचं असतं. तिथे बसलेले साहेब पूर्वी सरकारी वकील होते असं कोर्टाच्या आवारात कानावर आलं की पालकांचा निम्मा धीर तिथेच सुटतो. ज्यांनी उमेदीची वर्षं शिक्षा मागण्यात घालवली ते आपलं काय ऐकून घेणार, असं त्यांना वाटतं. ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तिला इतिहास आहे, आणि सोलापुरात तर तो शहराच्या नकाशावरच आहे.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही समाज जन्मानेच गुन्हेगार ठरवले. १९११ मध्ये तो कायदा नव्याने झाला, मुंबई इलाख्यातही आला, आणि त्यानंतर सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट उभी राहिली. कैकाडी, पारधी, कंजारभाट अशा समाजांची कुटुंबं तिथे डांबली गेली. माणसं हजेरी देऊन गिरणीत कामाला जात आणि पुन्हा हजेरीला परत येत. आजही त्या भागाला लोक सेटलमेंटच म्हणतात. याच कायद्यात आणखी एक कलम होतं, त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. सेटलमेंटमधल्या कुटुंबांची सहा वर्षांवरची आणि अठरा वर्षांखालची मुलं आईबापांपासून काढून औद्योगिक, शेतकी किंवा सुधारणा शाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारला होता. आईबापांची बाजू आधी एखाद्या न्यायालयाने ऐकावी अशी अट त्याला नव्हती. त्यांनी मुलाला मारलं की उपाशी ठेवलं, हा प्रश्नच नव्हता. त्यांची जात पुरेशी होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा देशभरातून गेला आणि तो दिवस विमुक्त दिन झाला. पण सरकारी माणूस मुलांची चौकशी करत दारात आला की आजही काही घरांत आजी नातवाला आधी आत ओढते. मला त्यात काही चुकीचं दिसत नाही.

दुसरा प्रवाह याच काळात वाहत होता. अमेरिकेत शिकागोत १८९९ मध्ये मुलांसाठी वेगळं न्यायालय निघालं आणि ती कल्पना जगभर पसरली. आपल्याकडे १९१९-२० च्या तुरुंग समितीने मुलांना मोठ्या कैद्यांपासून आणि मोठ्यांच्या न्यायालयापासून वेगळं ठेवा असं सांगितलं. मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबईने १९२४ मध्ये मुलांचे कायदे केले. मुंबईचा कायदा १९४८ मध्ये पुन्हा नव्याने झाला. या कायद्यांचा हेतू चांगला होता, पण घडण फौजदारीच राहिली. चोरी करताना सापडलेलं मूल आणि स्टेशनवर बेवारस सापडलेलं मूल एकाच वाटेने जाई: पोलीस, दंडाधिकारी, रिमांड होम.

ही गाठ सुटायला बराच काळ लागला. १९८६ च्या बाल न्याय कायद्याने गुन्ह्यात सापडलेल्या मुलांसाठी न्यायालय आणि उपेक्षित मुलांसाठी बालकल्याण मंडळ असे दोन रस्ते देशभर वेगळे केले. भारताने १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला, त्यानंतर २००० चा कायदा आला आणि मंडळाची समिती झाली. सध्याचा २०१५ चा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. मूल सापडल्यापासून चोवीस तासांत समितीपुढे यावं लागतं, सामाजिक तपासणी पंधरा दिवसांत पुरी व्हावी लागते आणि अंतिम आदेश चार महिन्यांत द्यावा अशी अपेक्षा असते. मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी जन्मदात्या कुटुंबाची आणि संस्था हा शेवटचा उपाय, हे याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात लिहिलेलं आहे. सेटलमेंटच्या कायद्याशेजारी ठेवून ते कलम वाचावं, म्हणजे किती अंतर कापलं गेलं ते कळतं.

तरीही एक सांधा उरलाच. बाल न्यायालय म्हणजे बालहक्क संरक्षण आयोगांच्या २००५ च्या कायद्याखालचं न्यायालय किंवा पॉक्सोचं, म्हणजे बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचं, विशेष न्यायालय, आणि दोन्ही नसतील तर सत्र न्यायालय. म्हणजे खुनाचे नाहीतर बाललैंगिक अत्याचाराचे खटले चालवणारे न्यायाधीशच एखाद्या दुपारी मूल घरी द्यायचं की नाही याचं अपील ऐकतात. कक्ष तोच, पुकारा तसाच आणि शासनाच्या बाजूने उभे राहणारेही सरकारी वकीलच. आईला आपण आरोपीच्या पिंजऱ्यात आहोत असं वाटलं, तर नवल नाही.

आता सरकारी वकील न्यायासनावर कसे येतात ते पाहू. सात वर्षं वकिली केलेल्या माणसाला थेट जिल्हा न्यायाधीश होण्याची वाट घटनेच्या २३३ व्या अनुच्छेदाने ठेवली आहे. पगारी सरकारी वकील त्यात बसतात का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१३ मध्ये दीपक अग्रवाल प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की न्यायालयात उभं राहून खटले चालवणारा सरकारी वकील हा वकीलच राहतो. महाराष्ट्रात त्याआधी एक महत्त्वाची गोष्ट घडली होती. दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयांत खटले चालवणारे अभियोक्ते आपल्याकडे पोलीस खात्याच्या अखत्यारीत होते. १९९५ मध्ये शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पोलिसांच्या ताब्यातून काढून वेगळं खातं करायला लावलं. कारण सरळ होतं: सरकारी वकिलाने न्यायालयाला मदत करायची असते, पोलिसांची केस कशीही करून जिंकायची नसते. आरोपीच्या बाजूचा पुरावा हाती आला तर तोही पुढे ठेवणं हे त्याचं कर्तव्य आहे. तेव्हा जे साहेब या शिस्तीत वाढले, ते केवळ आधीच्या कामामुळे पालकांच्या विरोधात असतील असं धरून चालणं मला अन्यायाचं वाटतं.

सवय मात्र राहते. सरकारी वकिलाचं डोकं जबाब, पंचनामे आणि तारखांवर तयार झालेलं असतं. दोन जबाबांत काय वगळलं आणि काय वेगळं सांगितलं, यावर त्याची नजर आधी जाते. सोलापुरातलं नेहमीचं चित्र घ्या. आई विड्या वळते, वडील ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेलेले, मूल आजीकडे. १०९८ या मुलांच्या मदतक्रमांकावर कोणीतरी फोन केला आणि मूल समितीपुढे आलं. आईने पहिल्या दिवशी घाबरून सांगितलं की मी घरीच होते. शेजारीण म्हणाली, ती दोन दिवस माहेरी होती. शाळेच्या हजेरीपटावर मूल तिसऱ्याच तारखेपासून गैरहजर. घरात तेलुगू बोलली जाते आणि जबाब मराठीत घेतला गेला, तर गोंधळ आणखी वाढतो. समितीच्या सदस्यांनी घरातली परिस्थिती पाहून हे समजून घेतलं असेल. फौजदारीत मुरलेली नजर त्याला आधी विसंगती म्हणेल.

म्हणून तयारी तिथूनच सुरू व्हावी. पहिलं विधान चुकलं असेल तर ते का चुकलं हे आईने स्वतःहून प्रतिज्ञापत्रात लिहावं, दुसऱ्या बाजूने दाखवून द्यायची वाट पाहू नये. लसीकरणाचं कार्ड, शाळेचा बोनाफाईड दाखला, रेशनकार्ड, विडी कामगाराचं ओळखपत्र, भाड्याची पावती हे सगळं तारखेच्या क्रमाने लावावं. आई कामावर असताना मूल कोणाजवळ राहणार, त्या नातेवाइकाने स्वतः न्यायालयात येऊन सांगितलं तर दहा पानी युक्तिवादापेक्षा जास्त उपयोग होतो. सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे सामाजिक तपासणी अहवाल. घर, उत्पन्न, नाती, मुलाचं शिक्षण आणि आरोग्य, खुद्द मुलाचं म्हणणं, हे सगळं त्यात असतं. तो गोपनीय असतो, पण त्याचा आशय आपल्या वकिलामार्फत रीतसर मागावा आणि त्यात चूक असेल तर त्या ओळीला उत्तर द्यावं. 'आम्ही गरीब आहोत' एवढं सांगून थांबू नये. गरिबी हेच कारण असेल तर बालसंगोपन योजनेचा अर्ज केला आहे का, हे दाखवावं. कुटुंबाला मदत देऊन मूल घरातच राहावं, ही सोय कायद्यातच आहे.

दोन गोष्टी टाळाव्यात. न्यायाधीश पूर्वी सरकारी वकील होते, एवढ्यावरून प्रकरण दुसरीकडे द्या असा अर्ज करू नये. तो टिकत नाही. मात्र त्यांनी त्याच कुटुंबातल्या कोणावरचा खटला सरकारतर्फे चालवला असेल तर ते पहिल्याच तारखेला लेखी सांगावं. आणि मोबाईलवर सापडणाऱ्या अमेरिकन सल्ल्यावर विसंबू नये. तिथे पालकांचे हक्क कायमचे काढून घेण्यासाठी 'स्पष्ट आणि खात्रीलायक' पुरावा लागतो, असं त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये सँटोस्की खटल्यात ठरवलं. ती चौकट तिथली आहे. आपल्याकडे कसोटी मुलाच्या हिताची आहे आणि बोलण्याचा रोख तिकडेच हवा. पोलिसांनी त्रास दिला, शेजाऱ्यांनी सूड उगवला, हे खरं असलं तरी मूल उद्या सकाळी कोणाच्या हातचं जेवून शाळेत जाणार, ते आधी सांगावं.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया आणि मुलांना मोफत वकील मिळतो आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. अपिलाची मुदत आदेशापासून तीस दिवसांची आहे. उशीर झाला तर सबळ कारण द्यावं लागतं. प्रायोजकत्व (मुलासाठी आर्थिक मदत) आणि प्रतिपालकत्व (मूल तात्पुरतं दुसऱ्या कुटुंबात ठेवणं) यांच्या आदेशांवरचं अपील मात्र बाल न्यायालयात जात नाही, ते जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचं. सत्र न्यायालयाने अपिलात दिलेल्या निकालावर दुसरं अपील नाही, पण उच्च न्यायालयात पुनरीक्षण, म्हणजे निकाल कायदेशीर आणि योग्य आहे का याची तपासणी, मागता येतं. त्यासाठी सोलापूरच्या माणसाला वर्षानुवर्षं सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सोलापूर जिल्ह्याची प्रकरणं आता तिथे जातात.