मेंदूतली साफसफाई एकादशीची वाट पाहत नाही

आषाढी जवळ आली की 'उपवासात शरीर स्वतःतला कचरा खाते, याच शोधाला नोबेल मिळाले' हा संदेश मोबाइलवर हमखास येतो. नोबेल मिळाले हे खरे. २०१६ साली जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना ते ऑटोफॅजीवरच्या, म्हणजे पेशी स्वतःतला कचरा कसा पचवते यावरच्या, कामासाठी मिळाले. पण त्यांनी उपाशी ठेवले होते ते यीस्टला. माणसाने दिवसभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर पेशींत काय घडते, हे त्यांनी तपासलेले नाही. ('एकादशी, दुप्पट खाशी' म्हणणाऱ्या समाजात कोणी ते तपासणार असेल तर त्याला शुभेच्छा.)

उपवासाशी माझे भांडण नाही. ज्याला करायचा त्याने करावा. पण या संदेशांमुळे ऑटोफॅजी म्हणजे रिकाम्या पोटी सुरू होणारी काहीतरी खास यंत्रणा, अशी समजूत पसरली आहे. जी मुले ही यंत्रणा अधू घेऊनच जन्माला येतात, त्यांचे आजार पाहिले की ती समजूत टिकत नाही.

पेशीत प्रथिनांचा गोळा साचला किंवा ऊर्जा पुरवणारी एखादी तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) निकामी झाली, की त्या कचऱ्याजवळ एक दुहेरी पटल तयार होऊ लागते. आधी ते द्रोणासारखे खोलगट असते. मग द्रोण वाढतो, कडा जुळतात, कचरा आत कोंडला जातो आणि हा बंद गोळा लयकारिकेला (लायसोसोम, म्हणजे पेशीची पचनपिशवी) जाऊन मिळतो. तिथली विकरे सगळे पचवतात आणि सुटी झालेली अमिनो आम्ले पेशी पुन्हा वापरते.

खरी गंमत आहे ती हे पटल वाढण्यात. त्यावर एलसी३ नावाचे छोटे प्रथिन चिकटावे लागते, आणि ते आपणहून चिकटत नाही. आधी एटीजी४ हे दुसरे प्रथिन त्याचे शेपूट छाटते, त्यामुळे टोकाचे ग्लायसिन हे अमिनो आम्ल उघडे पडते. मग एटीजी७ ऊर्जा खर्चून ते टोक पकडते आणि आपल्यातल्या सिस्टीन या अमिनो आम्लाला जोडून घेते. तिथून एलसी३ जाते एटीजी३ कडे, आणि एटीजी३ त्याला पटलातल्या एका मेदरेणूला जोडून टाकते. पण पेशीत पटले काय कमी असतात? नेमक्या याच पटलावर जोडायचे, हे एटीजी३ ला कळावे म्हणून दुसरी साखळी आहे. एटीजी१२ हे प्रथिनही आधी एटीजी७ कडेच येते, तिथून एटीजी१० कडे जाते आणि शेवटी एटीजी५ ला जोडले जाते. ही जोडी एटीजी१६एल१ ला धरून योग्य पटलावर बसते आणि एटीजी३ ला तिथे कामाला लावते. आकड्यांनी डोके गरगरले असेल तर दोनच लक्षात ठेवा: दोन्ही साखळ्यांच्या सुरुवातीला एटीजी७ आहे, आणि जागा दाखवणाऱ्या जोडीत एटीजी५.

योगायोगाने २०१६ मध्येच तुर्कस्तानातल्या दोन भावंडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चालताना दोघांचाही तोल जाई, बौद्धिक वाढही मागे पडलेली. दोघांच्या एटीजी५ जनुकाच्या दोन्ही प्रतींत एकच बदल सापडला. प्रथिनात १२२ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी ॲस्पार्टिक आम्ल आले होते. रसायनशास्त्र आठवत असेल तर हा फरक किती किरकोळ आहे ते कळेल. एक कार्बन आणि दोन हायड्रोजन कमी, विद्युतभार तोच. तेवढ्याने एटीजी१२ आणि एटीजी५ यांची जोडी नीट जुळेना. हाच बदल आजाराचे मूळ आहे हे दाखवण्यासाठी संशोधकांनी फळमाश्या घेतल्या. त्यांचे स्वतःचे एटीजी५ काढून माणसाचे घातले. साधे मानवी एटीजी५ मिळालेल्या माश्यांची हालचाल बरी राहिली. या भावंडांतला प्रकार मिळालेल्या माश्या मात्र हालचालींत फार अडखळू लागल्या. इतका नेटका पुरावा क्वचित पाहायला मिळतो.

एटीजी७ ची गोष्ट याहून चक्रावणारी. हे जनुक काढून टाकलेली उंदराची पिल्ले जन्मानंतर एका दिवसात मरतात. माणसात हे प्रथिन नसेल तर मूल जन्मालाच येणार नाही, असे वाटणे साहजिक होते. २०२१ मध्ये पाच कुटुंबांतल्या १२ जणांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांच्या पेशींत एटीजी७ नव्हते किंवा अगदीच कमी होते. तोल जाणे, वाढीतले अडथळे, लहान राहिलेला अनुमस्तिष्क (तोल सांभाळणारा मेंदूचा मागचा भाग), असा त्रास त्यांना होता, पण त्यांतले काही प्रौढ वयापर्यंत पोहोचले होते.

सगळा मार चेतासंस्थेवरच का? त्वचेच्या किंवा यकृताच्या पेशी विभागून कचरा वाटून टाकू शकतात. चेतापेशी विभागत नाहीत. शिवाय तिचा अक्षतंतू, म्हणजे तिच्यातून निघणारा लांब धागा, मीटरभर लांब असू शकतो, आणि त्याच्या टोकाशी तयार झालेला कचऱ्याचा बंद गोळा पेशीच्या मुख्य भागापर्यंत ओढून आणावा लागतो. २००६ मध्ये दोन जपानी गटांनी उंदरांच्या फक्त चेतापेशींतून एटीजी५ किंवा एटीजी७ काढले. उंदरांची उपासमार केलेली नव्हती. तरी त्यांच्या चेतापेशींत प्रथिनांचे गोळे साचले आणि पेशी मरू लागल्या. म्हणजे मेंदूत हे काम पोट भरलेले असतानाही चालूच असते. उपवासाने उंदराच्या मेंदूत ते वाढते का, यावर प्रयोगांचे निष्कर्ष दोन्ही बाजूंचे आहेत.

याच कुळातला एक आजार बीपॅन. त्यात बिघडणारे डब्ल्यूडीआर४५ हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते, आणि त्याचे प्रथिन पटलाच्या वाढीसाठी मेद पोहोचवणाऱ्या एटीजी२ ला साथ देते. रुग्ण बहुतेक मुली. लहानपणी वाढ मंद आणि झटके, मग तरुणपणी स्नायू ताठरणे, कंपवातासारखी लक्षणे आणि स्मृतिभ्रंश. एमआरआयमध्ये मेंदूच्या खोल भागात लोह साठलेले दिसते. जनुकदोष २०१२ मध्ये सापडला, रोग थांबवणारा उपचार अजून नाही.

हा आजार जनुकीय असला तरी बहुधा वारशाने आलेला नसतो. दोष मुलीत नव्यानेच घडलेला असतो आणि आईवडिलांच्या रक्ततपासणीत काही सापडत नाही. तेव्हा 'हे कोणाच्या घराण्यातून आले?' हा आपल्याकडे सुनेच्या माहेराकडे बोट दाखवणारा प्रश्न इथे फोल आहे. पुढच्या मुलाला धोका कमी असतो. तो शून्य म्हणता येत नाही, कारण क्वचित पालकांच्या बीजपेशींपैकी काहींत तोच दोष असतो, आणि म्हणूनच पुढच्या गर्भधारणेआधी जनुकीय समुपदेशकाला भेटायला सांगतात.