इसब, तळहातावरच्या रेषा आणि मधेच तुटलेलं एक जीन

माझ्या भाचीला इसब म्हणजे एक्झिमा आहे, ती आठ महिन्यांची होती तेव्हापासून. आधी गालांवर लाल चट्टे, मग कोपर आणि गुडघ्याच्या लवणीत, रात्रभर खाजवायची आणि सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके. घरात जो येईल तो ताईलाच विचारायचा, डोहाळ्यात काय खाल्लंस, तुझ्या दुधात उष्णता असेल, रक्त खराब असेल. ती बिचारी रडकुंडीला आली होती. पोरगी चार वर्षांची झाल्यावर एका स्किनच्या डॉक्टरांनी तिचा तळहात उजेडात धरला, अंगठ्याखालच्या उंचवट्यावर बारीक रेषांचं दाट जाळं होतं, आणि विचारलं की घरात अजून कुणाचा हात असा आहे का? भाऊजींनी हात पुढे केला, डिट्टो तसाच.

अशा रेषा बऱ्याचदा फिलॅग्रिन नावाच्या प्रोटीनच्या कमतरतेची खूण असतात. त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे विटांची भिंत समजा, तर फिलॅग्रिन पेशींमधले केराटिनचे धागे घट्ट बांधून त्या चपट्या विटा बनवायला मदत करतं, आणि ते काम झालं की स्वतः तुटून त्याचे बारीक तुकडे होतात जे पाणी धरून ठेवतात. म्हणजे आपल्या कातडीचं घरचं मॉइश्चरायझरच. ते कमी पडलं की कातडी कोरडी पडते, फटी पडतात, धूळ, साबण, जंतू आत शिरतात, आणि मग आतली इम्युनिटी खवळते.

फिलॅग्रिन बनवायची कृती ज्यात लिहिलेली असते ते जीन १ नंबरच्या क्रोमोसोमवर आहे. ते वाचायला भलतंच अवघड कारण त्यात जवळपास सारखाच मजकूर १०-१२ वेळा येतो, त्यामुळे ते नीट उलगडायला २००६ साल उजाडलं. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठात अर्विन मॅक्लीन यांची टीम खरं तर माशाच्या खवल्यांसारखी कातडी होते त्या आजाराचं, इक्थिऑसिस व्हल्गॅरिसचं, जीन शोधत होती. ते फिलॅग्रिनचंच निघालं, आणि लक्षात आलं की इसबाच्या पेशंटमध्येही त्यातले बिघाड भरपूर दिसतात. एका बिघाडात फक्त एक अक्षर बदलतं आणि तिथे चक्क पूर्णविराम पडतो, प्रोटीन मधेच तुटतं. युरोपात साधारण १०० पैकी ९-१० लोकांकडे असा एखादा बिघाड असतो. आशियातल्या लोकांमध्येही असे बिघाड आहेत, पण बरेचसे वेगळ्या ठिकाणी.

पण मला खरी सांगायची गोष्ट पुढे आहे. असा बिघाड असलेल्या बऱ्याच जणांना इसब होतच नाही, आणि इसब असलेल्या बऱ्याच जणांचं फिलॅग्रिन ठणठणीत असतं. इसबाशी जोडलेली बाकीची बरीचशी जीन्स इम्युनिटीची आहेत, जसं ५ नंबरच्या क्रोमोसोमवरची इंटरल्यूकिन ४ आणि १३ ची, म्हणजे इम्युनिटीच्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात त्या प्रोटीनची. या दोघांचा सिग्नल अडवणारं ड्युपिलुमॅब हे इंजेक्शन २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. डेन्मार्कच्या जुळ्यांच्या अभ्यासात एकाला इसब असेल तर एकसारख्या जुळ्यांपैकी ७२ टक्क्यांत दुसऱ्यालाही होता, साध्या जुळ्यांत २३ टक्के. म्हणजे जीन्सचा हात मोठा आहे, पण ७२ म्हणजे १०० नाही, राहिलेलं काम हवा, साबण, आजूबाजूच्या गोष्टी करतात. डेन्मार्कमध्येच दुसऱ्या एका अभ्यासात असंही दिसलं की फिलॅग्रिनचा बिघाड असलेल्या बाळांच्या घरात जन्मापासून मांजर असेल तर इसबाचं प्रमाण वाढतं, कुत्र्याने तसं होत नाही.

मग जन्मापासूनच रोज क्रीम चोपडलं तर इसब टळेल का? मलाही वाटलं होतं टळेल, पण ब्रिटनमध्ये १,३९४ बाळांवर हे करून पाहिलं, २०२० मध्ये निकाल आला, टळत नाही. पण एकदा इसब झाल्यावर मॉइश्चरायझर लागतंच, त्यात कंटाळा करून चालत नाही. आणि गजकर्ण समजून मेडिकलमधून कुठलंही स्टिरॉइडवालं मलम आणून लावू नका प्लीज, दोन्ही आजार वेगळे आहेत.

भाचीचं आता कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांत अंघोळ, अंग टिपायचं, घासायचं नाही, आणि ओलसर असतानाच क्रीम. मागच्या दिवाळीत तिला अभ्यंगस्नानाला उटणं लावलं नाही. ताईला आता कुणी डोहाळ्यांचं विचारलं की ती भाऊजींचा हात पुढे करते.