नाव पेपर, जात प्लॅस्टिकची

टोमॅटोचा प्लॉट संपला की बांबू-तारा निघतात, ठिबकच्या नळ्या गुंडाळल्या जातात. बेडवर, म्हणजे मातीच्या उंच वाफ्यावर, अंथरलेला मल्चिंग पेपर मात्र ओढायला घेतला की टराटरा फाटतो. वरून चंदेरी, खालून काळा असा हा पेपर म्हणजे पॉलिथिनचा 25-30 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पापुद्रा. त्याचे उपकार मोठे आहेत. तण दबतं, ओल टिकते, खुरपणीची मजुरी वाचते. तो वापरणाऱ्या शेतकऱ्याला बोल लावणं मला पटत नाही.

पण तो फाटतो कुठे, ते वाकून बघा. मधला भाग महिनोन्‌महिने उन्हात असतो. अतिनील किरणांनी पॉलिथिनच्या लांब साखळ्या तुटतात आणि तो पापडासारखा ठिसूळ होतो. कडा मातीत दाबलेल्या असतात. तिथं ऊन पोचत नाही, म्हणून त्या चिवटच राहतात. ओढताना मधला भाग हातात येतो, कड मातीत राहते. मग माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर फिरतो आणि त्या कडेच्या चिंध्या होतात. त्या पुन्हा वेचणं कुणाच्याच हातात उरत नाही.

5 मिलिमीटरपेक्षा बारीक तुकडा म्हणजे मायक्रोप्लॅस्टिक. मातीतल्या अंधारात तो वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. नेदरलँड्सच्या संशोधकांनी 2016 साली पालापाचोळ्यात पॉलिथिनची भुकटी मिसळून गांडुळांना दिली. जास्त मात्रेला त्यांची वाढ खुंटली, मरतूकही वाढली. शेतात सहसा एवढं प्लॅस्टिक नसतं, हे खरं. पण गांडुळं हे कण बिळांतून खाली नेतात, हेही पुढच्या प्रयोगांत दिसलं. म्हणजे नांगराच्या फाळाला न लागणाऱ्या थरातही प्लॅस्टिक उतरतं.

पुढे काय होतं ते चीनच्या शिनजियांगमधल्या कापसाच्या शेतांत दिसतं. तिथं वर्षानुवर्षं जेमतेम 8 मायक्रॉनचा कागद अंथरला गेला. तो गोळा करणं जवळपास अशक्यच. साचलेल्या तुकड्यांनी मुळांची वाट अडवली, पाण्याचं मुरणं बिघडवलं. अखेर 2018 पासून चीनने किमान जाडी 10 मायक्रॉन केली.

म्हणून स्वस्तातला पातळ कागद घेऊ नये, आणि एकच कागद दुसऱ्या-तिसऱ्या पिकाला ताणू नये. शेवटचा तोडा झाला की लगेच, कागदात ताकद आहे तोवर तो काढावा: आधी कुदळीने दोन्ही कडा मोकळ्या करायच्या, मग सरीच्या एका टोकाकडून गुंडाळत जायचं. गुंडाळी बांधावर पेटवायची नाही. रोटाव्हेटर त्यानंतर.