खण कापायचा, इरकल नेसायची

बेळगावात खडे बाजारातल्या कापडाच्या दुकानात जरा वेळ थांबलं की दोन मागण्या हमखास ऐकू येतात. एक म्हणते, "इरकलचा ब्लाउजपीस दाखवा." दुसरी विचारते, "खणाची साडी आहे काय हो?" दुकानदार दोघींपुढेही काही ना काही टाकतो, कारण आजकाल बाजारात सगळंच मिळतं. पण पहिलीला बहुतेक वेळा खण हवा असतो आणि दुसरीच्या मनात असते ती आजीकडे पाहिलेली इरकल साडी. काठ सारखे, रंग सारखे, दोन्ही एकाच कपाटात एकाशेजारी एक रचलेलं. कॉलेजातल्या मैत्रिणींपासून शिवणकाम करणाऱ्या काकूंपर्यंत सगळ्याच ही दोन नावं अदलून बदलून वापरतात.

रोज अंगावर घालायचे कपडे निवडताना मात्र हा फरक माहीत असलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. खण हे कापून शिवण्यासाठी विणलेलं कापड आहे. इरकल ही अखंड नेसण्यासाठी विणलेली साडी आहे. एवढं एक कळलं की काय विकत घ्यावं, शिंप्याकडे काय न्यावं आणि कशाला कात्री लावू नये, हे आपोआप ठरत जातं.

गल्लत होण्याचं कारण साधं आहे. दोन्ही पिढ्यान् पिढ्या जोडीनेच वापरली गेली. खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या बाजूला सत्तरी ओलांडलेल्या बायका आजही इरकली लुगडं आणि खणाची चोळी अशा वेशात बाजाराला येतात. लुगडं नऊवारी असेल नाहीतर सहावारी, बाई मराठी बोलणारी असेल नाहीतर कन्नड, जोडी तीच. सीमाभागात भाषेवरून एवढे वाद होतात, पण या वेशाने कधी कुणाची भाषा विचारली नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. शिवाय दोन्हींचं माहेर एकाच बागलकोट जिल्ह्यात: इरकल इळकल गावची, खण गुळेदगुड्डचा. दोन्हींना स्वतंत्र भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे सरकारदरबारीही या दोन वेगळ्या वस्तू म्हणूनच नोंदल्या गेल्या आहेत.

आधी इरकल, कारण तिच्यात समजून घेण्यासारखं जास्त आहे.

या साडीचे उभे धागे तीन भागांसाठी वेगवेगळे तयार होतात: अंगाचे, काठाचे आणि पदराचे. अंग बहुधा सुती असतं, भारी साडीत रेशमी. काठ आणि पदर खऱ्या रेशमाचे किंवा कृत्रिम रेशमाचे, आणि दोघांचा रंग एकच. मग अंगाचे धागे आणि पदराचे धागे फासात फास अडकवून एकमेकांना जोडतात. विणकर या जोडणीला कोंडी म्हणतात. इतर अनेक साड्यांच्या मागावर एकदा लांब ताणा, म्हणजे उभे धागे, चढवले की त्यावरून एकामागून एक साड्या विणून निघतात. इरकलीत तसं जमत नाही. प्रत्येक साडीला तिचा स्वतःचा पदर जोडायचा, म्हणून प्रत्येक साडीसाठी ताणा नव्याने करावा लागतो. मागावर पहिला धोटा फिरण्याआधीच तिच्यासाठी इतके हात राबलेले असतात.

एवढा खटाटोप कशासाठी, तर पदराचा लाल रंग खरा लाल उतरावा म्हणून. साध्या साडीत उभे धागे अंगाच्याच रंगाचे पदरापर्यंत जातात आणि त्यांच्यात लाल आडवा धागा भरला की रंग मिसळून जरा मळकट दिसतो. इरकलीच्या पदरात उभा धागाही लाल, आडवाही लाल. म्हणून हिरव्यागार किंवा काळ्याभोर अंगाशेजारी तो पदर असा उठून दिसतो. त्यावर पांढऱ्या धाग्याची टोकदार शिखरं असतात. हा पदर म्हणजे टोपे तेनी. लांबी साधारण १६ ते २७ इंच, तीन लाल पट्टे आणि त्यांच्यामध्ये दोन पांढरे. नक्षीचे आकारही ओळखीचे: फणी, कोटाची तटबंदी, डोंगर, ज्वारीचं कणीस. ज्या मुलखात भाकरी ज्वारीची, तिथल्या पदरावर कणीस येणारच की! अंग मात्र साधं, फार तर चौकडीचं किंवा रेघांचं. काठाचेही प्रकार असतात, गोमी, चिक्की, परास वगैरे.

कधीकधी या साडीवर कसुतीचं भरतकाम दिसतं: गोपुर, तुळशीवृंदावन, हत्ती, पालखी. ते विणीत नसतं, सुईने नंतर केलेलं असतं. कसुतीतल्या गवंती टाक्याची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, हे उलटवून बघण्यासारखं आहे. हल्ली कसुतीची नुसती छपाई केलेल्या ओढण्याही मिळतात. दिसायला छान असतात, घालाव्यात, फक्त त्यांना भरतकामाचा भाव देऊ नये.

आता खण. खणाचा पन्हा अरुंद, साधारण ३० इंचांच्या आसपास, कारण तो मुळात चोळीसाठी विणला जायचा. दोन्ही कडांना बारीक काठ आणि मधे ओळीने बसवलेली ठिपक्यांएवढी नक्षी: रथ, सूर्य, हत्तीचं पाऊल, तुळस. पारंपरिक खणात उभा धागा रेशमी आणि आडवा सुती. दोन्हींचे रंग वेगळे असले की कापडाला धूपछाव येते, हात हलला की निळ्यातून जांभळा डोकावतो. नक्षीसाठी जादा उभे धागे घातलेले असतात, म्हणून ती नेहमी कापडाच्या लांबीच्या दिशेने रांगेत चालते. खणाला पदर नाही, जोड नाही, सुरुवात नाही की शेवट नाही. हवा तेवढा कापून घ्यावा. सौंदत्तीच्या रेणुकादेवीची ओटी भरायची असो नाहीतर घरी आलेल्या माहेरवाशिणीची, आपण खण-नारळ देतो ते याच कापडाचं. ओटीत पडलेल्या खणाची पुढे चोळी व्हायची, म्हणजे त्याच्या नशिबी कात्री पहिल्यापासूनच.

मग "खणाची साडी" कुठून आली? ती गेल्या काही वर्षांतली. ३० इंच पन्ह्यात साडी होत नाही, तिला त्याच्या दीडपट रुंदी लागते. त्यामुळे खणाची नक्षी मोठ्या पन्ह्यात उतरवून, बहुतेक ठिकाणी यंत्रमागावर, या साड्या विणल्या जाऊ लागल्या आणि समारंभाच्या फोटोंतून घरोघरी पोचल्या. अंगभर खणाची बुट्टी, काठ इरकलीसारखा, काहींना तर पदरही इरकलीच्या धाटणीचा. गोंधळ वाढला तो इथे. माझा या साडीला अजिबात विरोध नाही. आपल्याच बेळगावात शहापूर, वडगाव, खासबागेत यंत्रमागांवर कितीतरी घरं उभी आहेत आणि त्यांचं काम कमी मोलाचं नाही. यंत्रमागाची साडी हातमागाची म्हणून विकणं तेवढं चुकीचं आहे, कारण त्यात विणकर आणि गिऱ्हाईक दोघेही नागवले जातात.

दुकानात काय बघायचं? इरकल असेल तर सरळ पदराच्या टोकाला असलेल्या सुट्या दशा हातात घ्या. दशा म्हणजे साडीचे उभे धागे. पदर खरोखर वेगळा जोडलेला असेल तर दशा पदराच्या रंगाच्या, म्हणजे लाल असतात. साडी हिरवी आणि दशाही हिरव्या असतील, तर पदर जोडलेला नाही, नुसता आडव्या धाग्याने रंगवल्यासारखा विणला आहे. त्यानंतर अंग आणि पदर जिथे भेटतात त्या रेषेवरून बोट फिरवा. फासांची बारीक खरखर बोटाला लागते.

खण असेल तर आधी उलटी बाजू बघा. विणलेल्या खणात मागच्या बाजूला नक्षीचे जादा धागे दिसतात, छापलेल्यात मागचा भाग फिका आणि सपाट असतो. पण यंत्रमागाचा खणही विणलेलाच असतो, म्हणून मग पन्हा मोजा. ४० इंचांच्या पुढे पन्हा असेल तर तो बहुतेक यंत्रमागाचा. धाग्याबद्दल शंका असेल तर कडेचा एक धागा मागून घ्या आणि जाळून बघा. सूत कागदासारखं जळतं, रेशमाला केस जळल्याचा वास येतो, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. हातमागाचं म्हणून जास्त पैसे मागत असतील तर हँडलूम मार्कची, म्हणजे हातमागाच्या सरकारी खुणेची, चिठ्ठी आहे का, हे बेलाशक विचारावं. विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता रोजच्या कपाटाकडे वळते. माझ्या मते बेळगावकडच्या मुलीकडे खणाचं काहीतरी शिवलेलं असावंच, आणि ते सणासाठी जपून ठेवलेलं नसावं. माझी पहिली पसंती गुडघ्यापर्यंतच्या खणाच्या कुर्त्याला: गडद रंग, साधा गोल गळा, पाऊण बाही, खाली जीन्स किंवा सुती पँट. ११ जून २०२३ पासून कर्नाटकच्या शक्ती योजनेत बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला आणि खानापूर, निपाणी, चिकोडीहून रोज बेळगावला शिकायला, कामाला येणाऱ्या मुलींनी बस भरून येऊ लागल्या. तासभर उभ्याने प्रवास करून उतरल्यावरही खणाचा कुर्ता चुरगळलेला वाटत नाही, धूपछावीत सुरकुत्या झाकल्या जातात. पायात कोल्हापुरी चप्पल. २०१९ मध्ये तिला मिळालेल्या मानांकनात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगावसह कर्नाटकचेही चार जिल्हे आहेत, त्यामुळे निपाणी-अथणीची वहाणही हक्काने कोल्हापुरी म्हणून घालता येते.

शिंप्याकडे जाताना दोन-तीन गोष्टी सांगाव्या लागतात. अरुंद पन्ह्यामुळे कापड जास्त लागतं. एरवी सव्वादोन-अडीच मीटरमध्ये होणाऱ्या कुर्त्याला साधारण ३ मीटर घ्यावं. नक्षी उभी ठेवून कापायला सांगावं, नाहीतर रथ आडवे होतात. शिवण लगेच उसवते, म्हणून आत माया जास्त ठेवावी आणि मऊ सुती अस्तर लावावं. कडेचे काठ फेकू देऊ नयेत. बाहीला, गळपट्टीला, खिशाला ते फार शोभतात.

कुर्ता शिवायचा नसेल तर खणाचे एक-दोन ब्लाउज. साध्या सुती साडीवर, लिननवर, अगदी लांब स्कर्टवरही चालतात. खणाचं बिनबाह्यांचं जॅकेट पांढऱ्या कुर्त्यावर घातलं की ऑफिसात तेवढंच पुरतं. ओढणी मात्र खणाची नको, ती पडत नाही, ताठ उभी राहते.

इरकलीचे कुर्ते सध्या खूप शिवले जातात. नवी साडी आणायची, अंगाचा कुर्ता, काठ घेराला आणि पदर मधोमध छातीवर किंवा पाठीवर. दिसतं सुंदर, हे मी नाकारत नाही. पण ज्या जोडणीसाठी विणकराने एकेक फास अडकवला, तीच कात्रीने वेगळी करायची, हे मला पटत नाही. कुर्ताच हवा असेल तर इरकल काठाचं सुटं कापड वारावर मिळतं, ते घ्यावं. आजीचं जुनं लुगडं मधे विरलं असेल आणि पदर शाबूत असेल, तर गोष्ट वेगळी. पदर आणि त्याला लागून असलेलं दोन-अडीच मीटर अंग जोड न तोडता ठेवलं की त्याची ओढणी होते, आणि तिच्याइतकी मऊ ओढणी कुठल्याच दुकानात मिळणार नाही.

नवी इरकल रोज नेसायला अवघड वाटते, तेही खरं नाही. सुती अंगाची साडी हलकी असते, पिना कमी लागतात, निऱ्या जागेवर राहतात. आठवड्यातला एखादा दिवस तिच्यासाठी ठेवून बघा. काळी चंद्रकळा संक्रांतीपुरतीच काढायची, असाही नियम कुठे नाही.

एकच अडचण खरी आहे, ती आपल्या पावसाची. जूनमध्ये झड लागली की बेळगाव-खानापूरकडे कपडे आठवडाभर दोरीवर राहतात. कृत्रिम रेशीम ओलं झालं की कमजोर पडतं, पिळलं तर काठ विरतो. सुती अंग आटतं आणि काठ तेवढा आटत नाही, म्हणून काठाला चुण्या पडतात. खणाचा रंगही पहिल्या एक-दोन धुण्यांत सुटतो. तेव्हा पहिल्यांदा दोन्ही वेगवेगळं, थंड पाण्यात, न भिजत ठेवता धुवावं, पिळू नये, सावलीत वाळवावं. आषाढ-श्रावणात बससाठी साधे सुती किंवा लवकर वाळणारे कुर्ते बरे. खण आणि इरकल गणपतीला बाहेर काढावीत आणि तिथून थेट उन्हाळ्यापर्यंत मनसोक्त वापरावीत.