पाणी शिरलं म्हणजे इंजिन गेलं?

ठाण्यात वंदना टॉकीजजवळ पाणी तुंबलं की दर पावसाळ्यात हेच कानावर येतं: इंजिनात पाणी गेलं, आता नवीनच टाका. हे खरं नाही. गाडी बंद असताना पाणी शिरलं असेल, तर प्लग किंवा इंजेक्टर काढून ते बाहेर काढतात, ऑइल-फिल्टर बदलतात आणि बहुतेकदा इंजिन वाचतं. घात होतो तो सेल्फ मारल्याने. इंजिनात पिस्टन वर सरकताना हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन अडतो आणि त्याला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. कृपा करून सेल्फ मारू नका, गाडी टो करा! रॉड वाकला तरी बदलता येतो. त्यामुळे आधी इंजिन उघडून दाखवायला सांगा. इंजिनचा मुख्य सांगाडा, म्हणजे ब्लॉकच फुटला असेल, तर मात्र इंजिन बदलण्याचा विचार करा आणि नवा इंजिन नंबर आरटीओत आरसीवर चढवून घ्या.